सोसल्यानं गाणं येतं?

सोसल्याशिवाय गळ्यात दर्द उतरत नाही, असं मी वर्षानुवर्षं ठासून म्हणत आलो. गाण्याच्या बैठकीनंतर चहा घेताना या वाक्यावर सगळेच माना डोलावतात. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं आयुष्य वाचलं आणि माझं हे मत पार बदललं.

एला १९१७ सालची, न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये वाढलेली. १९३२ मध्ये आई गेली, शाळा सुटली. मटक्यासारख्या जुगाराचे निरोप पोचवायचे, कुंटणखान्याबाहेर उभं राहून पोलिसांवर नजर ठेवायची, ही तिची कामं. पकडली गेली. आधी अनाथालय, मग हडसनचं मुलींचं सुधारगृह. तिथं मुलींचा गानवृंद होता, पण फक्त गोऱ्या मुलींचा. एला काळी, म्हणून तिला त्यात जागा नव्हती! हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. तिच्या हालांनी तिला गाणं दिलं, हे आता कुठल्या तोंडानं म्हणू?

तिथून पळून ती न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यांवर राहिली. २१ नोव्हेंबर १९३४ रोजी अपोलो थिएटरमधल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली, ती नाचायला. पण तिच्या आधी नाचून गेलेल्या दोघी बहिणींच्या जोडीपुढे आपला निभाव लागणार नाही हे ओळखून तिनं ऐनवेळी बेत बदलला आणि गायिका कॉनी बॉसवेलच्या ढंगात गायली. पंचवीस डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. बॉसवेलची रेकॉर्ड तिच्या आईनं कधीतरी घरी आणली होती. त्या रात्री तीच कामी आली.

पुढच्या वर्षी चिक वेब या ड्रमवादकाच्या बँडमध्ये तिला जागा मिळाली. सॅव्हॉय बॉलरूममध्ये नाचणाऱ्यांसाठी गाता गाता तिची लय पक्की झाली. १९६० मध्ये बर्लिनला ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली, तरी लय सुटली नाही. तिथल्या तिथे शब्द जुळवत, लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजाची नक्कल करत तिनं गाणं पुरं केलं. त्यात दुःखाचा मागमूस नाही. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

वाया चाललेल्या पोराबद्दल ‘सोसू दे, त्यातूनच घडेल’ असं कुणी म्हटलं, तर मी आता गप्प बसत नाही. आपल्या शहरातल्या बालगृहात पेटी-तबला शिकवायला कुणी जातं का, एवढी चौकशी करा. जात नसेल, आणि तुम्हाला वाजवता येत असेल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ तिथं द्या.