शंभरातल्या तिघी

“फादर, तुम्ही शंभरात तिघी म्हणाला होतात. त्यांत मीच का?”

नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी धर्मग्रामातील एका भगिनीने मला हा प्रश्न विचारला. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. ‘हिला साधे दिवस मोजता आले नाहीत’ असा ठपका ठेवून घरची वडीलधारी मंडळी मोकळी झाली होती. पती शेजारी खाली मान घालून बसला होता. विवाहपूर्व शिबिरात नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा पाठ मीच दिला होता.

आकडा खोटा नव्हता, अर्धा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकात बंगळूरसह पाच देशांतील केंद्रांवर बिलिंग्ज पद्धतीची, म्हणजे स्रावाच्या निरीक्षणाची, पाहणी केली. नियम तंतोतंत पाळणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे तिघींना गर्भ राहिला. १९९० साली त्याच माहितीची फेरतपासणी झाली, तेव्हा नियम मोडणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात सुमारे ८६ आढळले. कोणताच उपाय न करणाऱ्यांत ते जवळपास एवढेच असते. कारण उघड आहे. हा नियम मोडतो तो नेमका गर्भधारणेच्या संभाव्य दिवसांतच.

अशी दरी इतर साधनांतही आहे. गोळी न चुकता घेतली तर शंभरात एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. प्रत्यक्ष संसारात विसर पडतो आणि आकडा सातच्या आसपास जातो. निरोधच्या बाबतीत दोनाचे तेरा होतात. तांबी व नसबंदी यांत मात्र दोन्ही आकडे एकाच्या आतच राहतात, कारण तेथे रोजच्या आठवणीवर काहीच अवलंबून नसते.

पोप पॉल सहावे यांनी १९६८ साली ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकातून दिलेली शिकवण मी मानतो व शिकवतो. परंतु कोणता मार्ग योग्य हा प्रश्न नीतीचा आहे आणि तो किती खात्रीचा हा मोजमापाचा. पहिल्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याचे उत्तर झाकणे हा धर्मगुरूला न शोभणारा अर्धसत्याचा दोष होय. तो माझ्या हातून घडला होता.

त्या संध्याकाळी मी हे कबूल केले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पती हळूच म्हणाला, “फादर, त्या रात्री ती नको म्हणाली होती.” पत्नीने प्रथमच त्याच्याकडे पाहिले. घरी गेल्यावर त्याने हेच आपल्या आईलाही सांगितले, असे पुढे कळले.

आता शिबिरात मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहितो. जाणत्या शिक्षिकेकडून काही महिने शिकल्याशिवाय या पद्धतीवर विसंबू नका, बाळंतपणानंतर विशेष जपा, असे बजावतो. आणि मुलांना वेगळे सांगतो की वहीतल्या नोंदी पत्नीच्या असल्या तरी संयम दोघांचा असतो.

त्या दांपत्याची धाकटी लेक यंदा प्रथम कम्युनियनच्या वर्गात आहे. प्रश्न फार विचारते. मी तिला पूर्ण उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो.