पुडीतली कॉफी, आणि तीही काळी!

दूध नाही, साखर नाही. गरम पाणी आणि किराणा दुकानात माळेला लटकणारी कॉफीची एक पुडी, बस. एवढ्यात इतकी चव मावते हे मला आजवर कोणीच कसं सांगितलं नाही? भंडाऱ्यात आमच्या घराजवळच्या दुकानात, शांपूच्या पुड्यांशेजारी, ती वर्षानुवर्षं लटकते आहे आणि मी तिच्या खालून डाळ-साखर घेऊन घरी येत होते. आता भेटेल त्याला थांबवून सांगते आहे, की बाबा रे, एकदा ही काळी पिऊन बघ!

आमचा जिल्हा चहाचा. तुमसरच्या धानाच्या बाजारात सौदा चहावर होतो, साकोलीच्या स्टँडवर एसटीची वाट चहा पीत बघितली जाते, आणि पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आत आतून आवाज येतो, "चाय मांडू ना?" कॉफी म्हटली की आम्हाला दोनच आठवतात. एक लग्नाच्या रिसेप्शनमधली. वाफेच्या नळीचं ते मोठं मशीन, त्याचा फसफस आवाज, कागदी कपात फेसाळलेलं दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. दुसरी घरची, जायफळ किसून घातलेली, दाट दुधाची, थंडीत किंवा कोणाचं डोकं दुखत असलं की केलेली. दोन्ही मला फार प्रिय आहेत. पण दोन्हींत दूध आणि साखर पुढे असतात, कॉफी त्यांच्या मागे कुठेतरी उभी असते. ती एकटी कशी लागते हे आमच्याकडे कोणी विचारलेलंच नाही.

मला ते कळलं लाखनीकडच्या शेतावर, धानाच्या रोवणीच्या दिवसांत. पावसाची झड लागलेली, बांधीत बाया पऱ्हे रोवत होत्या. दूध सोबत नव्हतं, थर्मासात गरम पाणी होतं. पुतण्यानं खिशातून पुडी काढली, स्टीलच्या पेल्यात रिकामी केली, वरून पाणी ओतलं आणि पेला माझ्या हातात दिला. "काकू, पिऊन तं पाहा." आधी वास आला, भाजलेला, किंचित धुरकट, ओल्या मातीच्या वासातही वेगळा ओळखू येणारा. मग कडू. आणि त्या कडूमागून हळूच एक गोडसर चव वर आली, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळली आणि गेलीच नाही. साखरेचा कण नसताना गोडसर! मी पेला खाली ठेवून त्या फाटक्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले.

तिथे लिहिलं होतं, कॉफी आणि चिकोरी यांचं मिश्रण. इथून माझं खरं वेड सुरू झालं.

चिकोरी हे एका झाडाचं मूळ. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. मूळ वाळवायचं, भाजायचं, त्याचा अर्क काढायचा. त्यात कॅफिन अजिबात नसतं. पण इन्युलिन नावाचा एक पदार्थ भरपूर असतो, तो भाजताना अंशतः करपतो आणि गडद रंग, दाटपणा आणि ती गोडसर कडू चव देतो. शेतावर मला जे रेंगाळलेलं जाणवलं ते हेच. पुरणाच्या कढईच्या तळाला लागलेला, जळायच्या बेतात आलेला गूळ जसा लागतो, अगदी तसं. आपल्या कायद्यानं अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असायलाच हवी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापायलाच हवं. म्हणजे आपण काय पितो आहोत हे त्या बोटभर पुडीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. किती चांगली गोष्ट आहे ही! मी आता दुकानात उभी राहून आधी ते आकडे वाचते. दुकानदार भाऊ हसतात, हसोत.

घरी आल्यावर मी दोन प्रकारच्या पुड्या शेजारी शेजारी मांडल्या. एक ब्रू इन्स्टंटची, चिकोरीवाली. दुसरी नेसकॅफे क्लासिकची, जिच्यात चिकोरी नाही, निव्वळ कॉफी. नेसकॅफेचाच सनराइज मात्र चिकोरीचा, हे लक्षात ठेवा, कारण नाव एक असलं तरी चव दोन टोकांची आहे. दोन काचेचे पेले, सारखं पाणी, सारखी पावडर. आणि काय फरक! ब्रू काळीभोर, तळ दिसत नाही, घोट जिभेवर जड बसतो, आंबटपणा जवळजवळ नाहीच. क्लासिकचा रंग तांबूस तपकिरी, घोट पातळ, वास जास्त उघडा, कडूपणा टोकदार आणि शेवटी अगदी बारीक आंबटसर छटा. पहिला पेला स्थिर वाटतो, दुसरा जागं करतो. एकाच दुकानातल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या, दोन-पाच रुपयांच्या दोन पुड्यांत एवढं अंतर असेल असं कोणाला वाटेल?

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, दोन्ही पेले नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "याचा वासच वेगळा येऊन राहिला." त्यांनी क्लासिकचा पेला उचलला होता. पण पिताना मात्र ब्रूचा संपवला.

हे चूर्ण बनतं कसं, हेही वाचून काढलं, आणि मग तर त्या पुडीकडे बघण्याची नजरच बदलली. ही कॉफी म्हणजे एकदा बनवून झालेली कॉफी असते. कारखान्यात भाजलेल्या, दळलेल्या बियांतून दाबाखालचं तापलेलं पाणी उंच नळकांड्यांतून फिरवतात, दाट अर्क काढतात आणि त्यातलं पाणी घालवून टाकतात. उंच मनोऱ्यात गरम हवेत अर्काचे बारीक तुषार उडवले की खाली येते ती बारीक पावडर. याहून महागडी रीत म्हणजे अर्क उणे 40 अंशांच्या आसपास गोठवायचा, फोडायचा आणि निर्वातात त्यातला बर्फ थेट वाफ करून उडवायचा. त्यात वास अधिक टिकतो, म्हणून त्या बरण्यांची किंमतही चढी. व्यापारात हिशेब धरतात तो असा, की 1 किलो झटपट कॉफीमागे 2.6 किलो कच्च्या बिया लागतात. म्हणजे ती चिमूटभर पावडर दिसते तेवढी हलकी नाही.

तिच्यामागचा इतिहास तर धानकऱ्यांच्या घरातल्या माणसाला थेट भिडणारा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीचं पेटंट न्यूझीलंडच्या डेव्हिड स्ट्रँगनं 1890 च्या सुमारास घेतलं होतं, सातोरी कातो या जपानी रसायनतज्ज्ञानं 1901 मध्ये अमेरिकेत बफेलोच्या प्रदर्शनात आपली कॉफी मांडली होती. पण ती जगभर गेली ती बाजार पडल्यामुळे. 1929 च्या मंदीत ब्राझीलमध्ये कॉफीचे ढीग साचले, भाव कोसळला, पुढे तिथल्या सरकारनं लाखो पोती अक्षरशः जाळली. या साचलेल्या मालाचं काहीतरी टिकाऊ करता येईल का, हा प्रश्न ब्राझीलकडून नेस्लेकडे गेला. मॅक्स मॉर्गनथालर या रसायनतज्ज्ञानं त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आली. पीक भरघोस आलं आणि भाव मातीत गेला की घरात काय होतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्या संकटातून निघालेली ही पावडर आहे, हे कळल्यावर मला ती आणखी जवळची वाटू लागली.

कॉफी दक्षिणेची, आपलं काय त्यात, असं म्हणून विदर्भात लोक हात झटकतात. तर ऐका. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, सातपुड्याच्या उंचीवर कॉफी पिकते. आणि दक्षिणेतही जी पिकते त्यात सुमारे 70 टक्के रोबस्टा जातीची असते. रोबस्टात कॅफिन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट, कडूपणाही जास्त, आणि स्वस्त झटपट कॉफीचा आधार मुख्यतः तीच. शौकीन मंडळी तिला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. त्या दणकट कडूपणामुळेच आपल्या म्हशीच्या दाट दुधात ती बुडून जात नाही.

दुधाची गोष्ट निघालीच आहे तर फेटण्याबद्दल सांगू द्या, कारण हा तर नुसता आनंद आहे. पेल्यात एक पुडी, एक चमचा साखर, पाण्याचे मोजके थेंब. चमच्यानं फेटायला लागायचं. आधी काळा चिकट लगदा दिसतो. हात थांबवू नका. रंग तपकिरी होतो, मग बदामी, मग जवळजवळ साय धरल्यासारखा फिका आणि फुगलेला. कॉफीतली काही द्रव्यं हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि साखर त्यांना दाटपणा देते, म्हणून हा फेस मोडत नाही. त्यावर उकळतं दूध उंचावरून सोडायचं. लग्नातल्या त्या मशीनची आठवण पुसून जाईल असा पेला घरच्या ओट्यावर तयार होतो. इथे चिकोरीचीच पुडी घ्या, आणि वर जायफळ. बाजारची पूड नको, अख्खं जायफळ किसणीवर दोनदा फिरवा, तेवढं पुरे. जायफळाचा ऊबदार वास आणि चिकोरीची करपट गोडी यांचं इतकं जमतं की ती दोघं एकमेकांसाठीच होती असं वाटतं.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. आमच्या घरातले जुने पितळी पेले मी या निमित्तानं माळ्यावरून काढले. ताजी कल्हई करून घेतली, कारण कॉफी किंचित आम्लधर्मी, उघड्या पितळेत ती ठेवू नये. दुधाची कॉफी त्या पेल्यात ओतली की पितळ चटकन तापतं आणि पहिला घोट ओठांना चटका देतो. काळी मात्र काचेतच प्या. तिचा रंग बघण्यात अर्धी मजा आहे.

आणखी एक शोध. मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून लोक तीच घेतात, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात ही पावडर हवेतला ओलावा झपाट्यानं ओढून घेते. बरणी चार वेळा उघडली की तळाशी ढेकूळ. ती विरघळते, पण वास निघून गेलेला असतो. इथे छोटी पुडी जिंकते. फाडली, संपली, दर वेळी पहिल्या दिवसाची कॉफी. खिशात मावते, शेतावर नेता येते, रेल्वेत फक्त गरम पाणी मागावं लागतं. मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो तेव्हाही हीच कामाला येते: थोड्या कोमट पाण्यात विरघळवायची, माठातलं गार पाणी घालायचं, हवं तर लिंबाचे दोन थेंब. रसना आणि सरबताच्या माऱ्यातून सुटका!

उणं काय? वास. झटपट कॉफीचा गंध कपात फार वेळ थांबत नाही, ताज्या दळलेल्या फिल्टर कॉफीची सर त्याला नाही, म्हणून ती रेंगाळत प्यायची गोष्ट नव्हे. पाणी खळखळ उकळतं ओतलं तर कडूपणा अंगावर येतो. उकळी आल्यावर मिनिटभर थांबा, मग ओता. आणि रात्रीच्या जेवणानंतर निव्वळ कॉफीची पुडी घ्याल तर झोपेला उशीर होईल.

माझा कौल असा: दुधात, फेटून, जायफळ घालून प्यायची असेल तर चिकोरीची, काळी आणि सकाळी प्यायची असेल तर निव्वळ कॉफीची. आज संध्याकाळी दुकानात गेलात की दोन्हींची एकेक पुडी तोडून आणा, वेष्टनावरचं प्रमाण वाचा, घरातल्या सगळ्यांना एकेक घोट द्या. आणि साखरेचा डबा पहिल्या घोटानंतरच उघडा.