घोयऱ्याचे घर

दिवाळीच्या सुटीत गावी गेले तेव्हा आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. घाटंजी तालुक्यातले आमचे गाव. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे वेचणाऱ्या बायांना थट्टेला मी बरी सापडते. त्या दिवशी मात्र थट्टा थांबून एकदम गलका झाला. धुऱ्याजवळ एक हिरवागार घोयरा सरडा, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी डुलत, मातीवरून चालला होता. कुणीतरी ढेकूळ उचलले. मी ओढणी टाकली आणि त्याला घरी घेऊन आले.

"कॉलेजात हेच शिकवतेत काय?" बाबा म्हणाले. "इखारी असते ते. फेकून दे."

तो विषारी नसतो, एवढे मला ठाऊक होते. बाकी काहीच ठाऊक नव्हते.

पहिले घर म्हणून लोणच्याची रिकामी बरणी निवडली. आत हवा कोंडली, आणि चिमट्यासारखे त्याचे पाय काचेवर नुसते घसरू लागले. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली असतात; ती फांदी धरण्यासाठी, काच धरण्यासाठी नव्हे. मग धाकट्या भावाने उंदराचा पिंजरा आणला. तो लांबट, बुटका. झाडावर राहणाऱ्या जिवाला उंची हवी, लांबी काय करायची? शेवटी भाजीचे दोन क्रेट एकावर एक बांधले, जुनी मच्छरदाणी गुंडाळली, आत बोराची फांदी उभी केली. माझ्या दृष्टीने बंगलाच झाला! वाटीत पाणी ठेवले, त्याने ढुंकूनही पाहिले नाही. मोबाइलवर वाचले तेव्हा कळले, हा प्राणी पानावरचे थेंब चाटतो. मग फांदीवर पाणी शिंपडले आणि तो प्याला. त्या क्षणी मला झालेला आनंद परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

परंतु त्याचा रंग काळपट पडत चालला. जिथे बसेल तिथला रंग तो घेतो, असे आपण म्हणतो. राजकारण्यांना त्यावरून नावेही ठेवतो. खरे तर ऊन, उजेड, भीती आणि राग यांनी रंग पालटतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीत दाखवून दिले की कातडीतल्या पेशींमधले सूक्ष्म स्फटिक जवळ-दूर सरकतात आणि रंग बदलतो. माझ्या बंगल्यातला काळा रंग कशाचा, हे मात्र मला वाचता येत नव्हते. फांदी सोडून तो सारखा खाली उतरे आणि क्रेटचा कोपरा खरवडत बसे. पळून जायचे असेल, असे समजून मी मच्छरदाणी आणखी घट्ट बांधली.

तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता उठली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "अवं, तिचं पोट पाय ना! भरल्या पोटाची हाय ते. बाळंतपणाले जागा पाहून राहिली."

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. माझा भाऊ ऐन वेचणीच्या दिवसांत, कापसाच्या खोलीत झाला.

पुन्हा वाचले. परदेशात येमेनचे घोयरे पाळणारे लोक मादीसाठी ओलसर वाळूची बादली ठेवतात. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून मादी दगावू शकते. एरवी झाडावर राहणारी ही मादी अंड्यांसाठी जमिनीवर उतरते, आणि नेमकी तेव्हाच ती माणसांच्या ढेकळांखाली सापडते. तालुक्याच्या वनरक्षकाला फोन केला. त्यांनी सांगितले की हा प्राणी पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, जिथून आणला तिथे सोडा. कायदा १९७२ चा! बाबांच्या वयाचा कायदा, आणि घरात कुणालाच पत्ता नाही.

त्याच दुपारी धुऱ्यावर, ढेकळे होती तिथेच, तिला सोडले. आईने वेचणाऱ्या बायांना पलीकडच्या तासांत पाठवले. बराच वेळ ती नुसती एक डोळा आमच्याकडे आणि एक मातीकडे लावून होती. मग पुढच्या पायांनी उकरू लागली. दिवस कलेपर्यंत तिचे अर्धे अंग मातीत गेले होते. आम्ही घरी आलो.

सकाळी तिथे माती सारखी केलेली होती. ती तुरीच्या झाडावर, पुन्हा हिरवी. बाबा काही बोलले नाहीत. बोराटीची एक काटेरी फांदी तोडून त्यांनी त्या जागेवर टाकली, वर दगड ठेवला आणि बैल सोडायला गेले.