फोटो खोटा होता, झाडं खरोखर तोडली होती

संपादकांनी माझ्याकडे खोट्या बातम्या ओळखण्याच्या सोप्या युक्त्या मागितल्या होत्या. तशा युक्त्या आहेत आणि मी त्या कार्यशाळांमध्ये शिकवतेही. पण २०२५च्या वसंतात इथे, माझ्या हैदराबादेत जे घडलं, त्यानंतर नुसत्या युक्त्या लिहून देणं मला अपुरं वाटतं. ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आपल्याकडे गुढीपाडवा आणि इथे उगादी, तो दिवस होता ३० मार्च. दुसऱ्या दिवशी ईद. सुट्ट्यांच्या त्या दिवसांत हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांत जेसीबी घुसले. राज्य सरकारच्या औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाला ती जमीन आयटी प्रकल्पांसाठी मोकळी करायची होती. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पोलिसांनी धरपकड केली, आणि बघता बघता फोटोंचा पूर आला. बुलडोझरपुढून जिवाच्या आकांताने पळणारी हरणं, धुरळ्यात उभे मोर, मागे आडवी झालेली झाडं. केंद्रीय मंत्र्यापासून सिनेतारकांपर्यंत अनेकांनी या विषयावर लिहिलं, त्यातल्या काहींनी हे फोटोही टाकले.

त्यातले बरेच फोटो एआयने बनवलेले होते. ओळखणं फारसं अवघड नव्हतं. हरणांचे पाय गवतात विरघळत होते, सावल्या दोन दिशांना पडत होत्या. शिवाय चॅटजीपीटीची नवी चित्रनिर्मितीची सोय आठवडाभरापूर्वीच खुली झाली होती आणि सगळा देश जिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीत आपापले फोटो बनवण्यात गुंतला होता. म्हणजे साधन हातात होतं आणि विषय समोर होता.

आम्ही फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी ‘हा फोटो एआय-निर्मित आहे’ असा निष्कर्ष दिला. तो बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण त्यानंतर माझा फोन वाजायला लागला. नांदेडचे नातेवाईक, लातूरच्या मैत्रिणी, इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरचे काका, सगळ्यांचं एकच: ‘म्हणजे ते सगळं खोटंच होतं तर!’

नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिलला स्वतःहून दखल घेतली. तेलंगणा उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारना जागेवर पाठवलं. अवजड यंत्रं लावून सुमारे १०० एकरांवरची झाडी साफ केल्याचं आणि तिथे मोर-हरणांचा वावर असल्याचं त्यांनी कळवलं. न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने काम थांबवलं, आणि १६ एप्रिलच्या सुनावणीत झाडी परत कशी आणणार याचा आराखडा मागितला. एवढं सगळं सरकारी कागदावर असताना इथे चर्चा मात्र फोटोंचीच चालली होती. राज्य सरकारने एआयच्या मजकुराची चौकशी लावून धरली, गुन्हे दाखल झाले. जिबली शैलीतलं एक चित्र पुढे पाठवल्याबद्दल स्मिता सभरवाल या आयएएस अधिकाऱ्यालाही पोलिसांची नोटीस गेली. जे चित्र पाहताक्षणी चित्र आहे हे कळतं, त्यासाठी नोटीस! हेच चित्र पुढे पाठवणाऱ्या दोन हजार लोकांवरही हीच कारवाई होणार का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकेतल्या दोन कायदेतज्ज्ञांनी हा धोका फार आधी मांडला होता. बनावट चित्रं वाढली की खऱ्या पुराव्यालाही ‘बनावट’ म्हणून उडवून लावणं सोपं होईल, आणि त्याचा फायदा ज्याला काही लपवायचंय त्याला मिळेल. तो फायदा मिळताना मी माझ्या शहरात पाहिला, आणि त्यासाठी आमच्याच निष्कर्षाचा उपयोग झाला, याचा मला आजही संताप येतो.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा करू नका, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. फोटो टाकला की ‘८७ टक्के एआय’ असं सांगणारी साधनं आता मोफत मिळतात आणि लोक त्यांचे स्क्रीनशॉट मला पुरावा म्हणून पाठवतात. समजा, एक साधन शंभर खऱ्या फोटोंपैकी पाचांना चुकून एआय ठरवतं आणि बनावट फोटो मात्र एकही सोडत नाही. त्याच्यापुढे हजार फोटो ठेवले, त्यातले २० बनावट. ते वीसही पकडेल, पण उरलेल्या ९८० खऱ्यांपैकी ४९ फोटोंवरही शिक्का मारेल. म्हणजे ६९ ‘बनावट’ फोटोंतले ४९ खरे. शिवाय व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्याची मूळ माहिती पुसतं, आणि अशा झिजलेल्या फोटोवर साधनाचा अंदाज आणखी डळमळतो. तो आकडा म्हणजे तपासाची सुरुवात आहे. ८७ टक्के म्हणून कुणावर गुन्हा दाखल होऊ नये आणि कुणाची सुटकाही होऊ नये.

मग झाडं तोडली की नाही हे कसं ठरवायचं? त्यासाठी हरणाचा फोटो लागतच नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं कुणालाही फुकट मिळतात. साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं आणि त्यातली एक चौकट जमिनीवरच्या दहा मीटर बाय दहा मीटर तुकड्याएवढी असते. १०० एकर म्हणजे अशा सुमारे चार हजार चौकटी. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकावरून झाडी किती ते कळतं. मात्र मार्चअखेर दख्खनच्या माळावर पानगळ असते, त्यामुळे तुलना पावसाळ्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करायची. आपल्याच देशाच्या उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं केंद्र हैदराबादजवळच्या शादनगरला आहे. पुरावा इतका जवळ असताना शहर हरणाच्या पायांवर भांडत बसलं.

फोटोवरून घटनेचा निवाडा करण्याची दुसरी, जास्त भयंकर बाजू २०१८मध्ये दिसली होती. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा देशभर फिरत होती. तिच्यासोबत फिरणारा एक व्हिडिओ बनावट नव्हता: मोटरसायकलवरून दोघं येतात आणि मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. सीरियात २०१३च्या रासायनिक हल्ल्यात गेलेल्या मुलांची छायाचित्रंही आपल्याकडची म्हणून फिरली. याच अफवेपायी मे महिन्यात हैदराबादच्या चांद्रायणगुट्ट्यात जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार मारलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. अफवेसोबत फिरणारी ती दृश्यं एआय ओळखणाऱ्या साधनात घातली असती तर बहुधा ‘अस्सल’ असाच शेरा आला असता.

सरकारने स्वतः फॅक्ट-चेक करावं, असं मला अनेकजण सुचवतात. केंद्राने तसा नियम केलाही होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला. मला तो निकाल योग्य वाटतो. गच्चीबावलीत जेसीबी ज्यांचे होते, त्यांनीच फोटो खरा की खोटा याचा अंतिम निवाडा करायचा, हे मला मान्य नाही.

आमच्या कामाविषयीही मला शंका येते. निष्कर्षाचा लाल शिक्का लोक वाचतात, खालचा मजकूर वाचत नाहीत. म्हणून मी आता फोटोवरचा निष्कर्ष आणि घटनेवरचा निष्कर्ष एकाच मथळ्यात देते. मथळा लांब होतो, संपादक कुरकुरतात, तरी देते.

वाचकांकडे एक विनंती आहे. तपासायला काही पाठवाल तेव्हा स्क्रीनशॉट नको, मूळ लिंक पाठवा. व्हिडिओ कापू नका, सोबतचा मजकूर आला तसाच राहू द्या. आणि ‘हा फोटो खरा आहे का?’ एवढंच न विचारता ‘हे घडलं का?’ हेही विचारा. त्याचं उत्तर मिळायला एखादा दिवस जास्त लागेल. तेवढा वेळ तो फोटो तुमच्याच फोनमध्ये राहू द्या.