बदललेला नकाशा आणि थांबलेली माणसं

करारांचं काम करणाऱ्या इंजिनिअरला लोक हमखास विचारतात, ‘सगळे नकाशे आधीच पक्के का करत नाही?’ करावेतच. पण खणल्याशिवाय खडक किती खोल आहे ते कळत नाही, अग्निशमन दलाची अट मागाहून येते, आणि रुग्णालयात एमआरआय कोणत्या कंपनीचं येणार हे खोलीच्या भिंती उठल्या तरी ठरलेलं नसतं. बदल होणार हे धरूनच करार लिहितात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ‘बी-१’ या करार-नमुन्यात एखाद्या बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तरी निविदेचाच दर चालतो. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना-करारात बदलांसाठी तेरावं कलम आहे, आणि जादा पैसे किंवा मुदत मागायची तर २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती चुकली की हक्क गेला.

एवढी तरतूद असूनही भांडणं होतात, कारण बदलाचा हिशेब आपण चुकीच्या जागी करतो. समजा, तिसऱ्या मजल्यावरचं स्वच्छतागृह पलीकडे सरकवलं. सुधारित नकाशा येतो, बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ मारलेली असते. बिलात भिंत, टाइल्स, पाइप येतात. पण खचवलेला स्लॅब हलला म्हणून तुळईची खोली बदलली, सळई कापण्या-वाकवण्याचा तक्ता नव्याने आला, सांडपाण्याचा उभा पाइप खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांतून जाऊ लागला. तोवर सेंटरिंग उभंच, आणि सळई बांधणारी टोळी दुसऱ्या साइटवर निघून गेली. हा खर्च रेघेच्या बाहेरचा आहे आणि मोजमाप पुस्तकात त्याला रकाना नाही. म्हणून माझा आग्रह असतो की दराच्या पत्रातच मुदतवाढही मागावी, आणि त्या दिवशी किती माणसं, कोणती यंत्रं बसून होती याची नोंद साइटच्या रोजनिशीत दोन्ही बाजूंच्या सहीने व्हावी.

उशिरा ठरलेलं डिझाइन काय करतं ते सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये दिसतं. छताच्या शिंपल्यांचा आकार बसायच्या आधीच, १९५९ मध्ये चौथऱ्याचं काम सुरू झालं. पुढे छताचं वजन पेलायला त्यातले खांब पुरेनात. ते पुन्हा मजबूत करावे लागले. ७० लाख डॉलरचा अंदाज १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांवर थांबला. सगळी वाढ या एका घाईची नव्हे, पण सुरुवात तिथे होती.

आणि बदलाचा लेखी आदेशच नसेल तर? भारतीय करार कायद्याचं ७० वं कलम आधार देतं: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर ठेकेदाराला पैसे मिळवून दिले. काम १९४४ चं, निकाल १९६१ चा.

मोठी कंपनी एवढी वर्षं तग धरते. तिच्या हाताखालचा सळईचा किंवा प्लास्टरचा ठेकेदार आठवड्याच्या पगारावर माणसं सांभाळतो. त्याला ‘करून टाक, बघू नंतर’ एवढंच ऐकायला मिळतं. मुख्य करारात बदलाची पाच पानं आणि त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये एक ओळही नाही, हे मला सर्वांत जास्त खटकतं. बसून राहिलेल्या टोळीचा रोजचा दर वर्क ऑर्डरमध्येच लिहावा, आणि सुधारित नकाशाची प्रत त्याला मुख्य कंत्राटदाराबरोबर त्याच दिवशी मिळावी.