परतीचा शिक्का

शाळेची स्मरणिका निघत आहे, आपणही लेख द्यावा, असे मुख्याध्यापकांनी कळविले तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने एखादा ऐतिहासिक विषय घ्यावा, असे आमच्या मनात होते. परंतु गेल्या हिवाळ्यात आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी पुण्यात अडकून पडला आणि त्याच्या सहवासातील चार महिन्यांनीच आमचा विषय ठरविला. त्याच्या इच्छेप्रमाणे येथे त्याचे नाव देत नाही. जुन्या सहकाऱ्यांना ते ओळखू येईलच.

इयत्ता पाचवीत येरवड्याच्या वस्तीतून तो आपल्याकडे आला. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. करून तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला, तेथे पीएच.डी. झाला आणि तेथल्याच एका विद्यापीठात संशोधक म्हणून नोकरीस लागला. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्ही त्याचे उदाहरण दिले. एक गोष्ट मात्र आम्ही कधी व्यासपीठावरून सांगितली नाही. ती आज सांगतो.

२०२४ मध्ये त्याचे वडील वारले. त्या वेळी विद्यार्थ्याच्या परवान्यावरून नोकरीच्या परवान्यावर जाण्याचा त्याचा अर्ज तेथील सरकारकडे विचाराधीन होता. असा अर्ज चालू असताना देश सोडला, तर तो परवानाबदल सोडून दिला असे मानले जाते. त्याने मध्यरात्री आम्हांला फोन केला, "सर, काय करू?" आम्ही सांगितले, "येऊ नकोस." वडिलांना अग्नी पुतण्याने दिला. त्रिसरण-पंचशील आम्ही घेतले आणि शेजारच्या एका मुलाने मोबाइल उंच धरून ते सगळे त्याला दाखविले. आमचा सल्ला व्यवहाराला धरून होता. तो योग्य होता की नाही, हे आम्हांला आजही सांगता येत नाही.

परदेशी विद्यापीठात नोकरी करणाऱ्याच्या हाती दोन वेगळे कागद असतात, हे आपल्या पालकांना सहसा ठाऊक नसते. एक, त्या देशात राहून काम करण्याची मंजुरी. दुसरा, पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का, म्हणजे त्या देशाच्या दाराशी पुन्हा उभे राहण्याची मुभा. पहिला कागद चालू असताना दुसऱ्याची मुदत संपलेली असू शकते. माणूस तेथे कायदेशीरपणे राहतो, पगार घेतो, कर भरतो. परंतु एकदा बाहेर पडला की नवा शिक्का मिळाल्याखेरीज आत जाऊ शकत नाही. आणि हा शिक्का साधारणतः देशाबाहेरच्या वकिलातीतच मिळतो. एच-वन बी नावाच्या या परवान्यांना असलेली वर्षाला ८५,००० ची मर्यादा विद्यापीठांना लागू नाही, ही त्यांतली एक सवलत. परंतु शिक्क्याच्या रांगेत विद्यापीठाचा माणूस आणि कंपनीचा माणूस सारखेच.

मागील वर्ष या रांगेला फार जड गेले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. जुन्या परवानाधारकांना तो लागू नाही, हे स्पष्ट होईपर्यंत सुटीवर आलेली कितीतरी माणसे मिळेल त्या विमानाने परत धावली. त्याच महिन्यात, शिक्क्यासाठी आपल्या मायदेशात किंवा राहत्या देशातच अर्ज करावा, असाही नियम झाला. पुढे १५ डिसेंबरपासून या वर्गातील प्रत्येक अर्जदाराची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचे ठरले आणि भारतातील मुलाखतींच्या तारखा भराभर पुढे ढकलल्या गेल्या.

आमचा विद्यार्थी नेमका याच वेळी आला. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती, वडिलांच्या माघारी तो घरी आलाच नव्हता, आणि मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीची तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील होती. तीन आठवड्यांत परत जायचे होते. मुलाखतीच्या काही दिवस आधी ईमेल आला. नवी तारीख मार्चअखेरची.

त्याच्या विभागाने काही आठवडे दुरून काम करण्याची मुभा दिली. पण काचगृहातील रोपांना दुरून हात लावता येत नाही. एक सहकारी त्यांना पाणी घाली आणि रोज छायाचित्र पाठवी. हा येरवड्याच्या एका खोलीत रात्रभर जागून आकडे तपासत बसे. आईची झोप मोडते म्हणून त्याने तीन महिन्यांसाठी भाड्याची खोली पाहण्यास सुरुवात केली. एके ठिकाणी सर्व ठरले, अनामत रकमेचाही आकडा ठरला. शेवटी घरमालकांनी पूर्ण नाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की खोली नात्यातल्या माणसाला द्यावी लागत आहे. तो आमच्याकडे येऊन हसत म्हणाला, "सर, इकडचाही व्हिसा अडकला." आम्हांला हसू आले नाही. वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत आम्ही त्याची सोय केली.

त्या रात्री बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनाची आठवण येणे अपरिहार्य होते. त्यात कोणत्याही परक्या देशाच्या व्हिसाची हकीकत नाही. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये परतलेला विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू होतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. पारशी पथिकाश्रमातून त्याला हुसकावले जाते. न्यूयॉर्कमध्ये सहज मिळालेला निवारा स्वदेशी मिळत नाही. परतीचा शिक्का मायदेशातही लागतो, हे बाबासाहेबांनी त्या शीर्षकातून सांगून ठेवले आहे.

याच काळातील आणखी एक कागद आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकावे लागले. तेव्हा ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन ते पुरे करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. ती मुदत उरावर घेऊन त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले. परतीची मुदत हुकली असती तर काय झाले असते, या प्रश्नावर दरवर्षी वर्ग शांत होतो.

विद्यापीठात नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाचा प्रश्नही नवा नाही. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. १९१२ मध्ये परतून त्यांनी आपल्या पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या दोन प्रवासांच्या मध्ये, फेब्रुवारी १९१७ मध्ये, अमेरिकेने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला होता. शिक्षक आणि विद्यार्थी यांना त्यात अपवाद ठेवला होता. दारे बंद करतानाही विद्येसाठी एक फट ठेवावी, एवढे भान त्या कायद्याला होते. आज ती फट किती उरली आहे, हे आमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत आम्ही पाहत होतो.

१ जानेवारीस तो आईला घेऊन भीमा कोरेगावला गेला. विजयस्तंभासमोर दोघांचे छायाचित्र काढले. अर्जदारांनी आपली खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवावीत, अशी सूचना असल्याने त्याने आम्हांला विचारले, "सर, हे टाकू का? की जुनीही काढून टाकू?" एकदा "येऊ नकोस" असे सांगितलेल्या आम्हांला या वेळी सल्ला देण्याचा धीर झाला नाही. त्याने दोन दिवस विचार केला आणि ते छायाचित्र टाकले. जुने एकही काढले नाही.

त्याच्या आईला आम्ही एकदा धीर देण्यास गेलो, "ताई, मिळेल व्हिसा, काळजी करू नका." डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरत त्या म्हणाल्या, "सर, खोटं कशाला बोलू? तारीख पुढं गेली तवा मला बरंच वाटलं. लेकरू चार महिने घरचं जेवतंय. पण त्याचं तोंड बघितलं की वाटतं, आपण असं कसं मनात आणलं." आम्ही निरुत्तर झालो. बाबासाहेब परदेशी असताना रमाईंनी काढलेल्या दिवसांची गाणी आपण दरवर्षी गातो. येरवड्यातल्या या माउलीला, तू कशी राहतेस, असे त्या दोन वर्षांत आम्ही किती वेळा विचारले होते?

मार्चअखेर मुलाखत झाली आणि एप्रिलमध्ये शिक्का उमटलेला पासपोर्ट आला. जयंती करून जाण्याची त्याची इच्छा होती. पण विभागाने आणखी थांबण्यास नकार दिला. निघण्यापूर्वी सायंकाळच्या वंदनेनंतर तो वसतिगृहातील मुलांशी बोलला. सहावीतील एका मुलाने विचारले, "दादा, तुम्ही परत कधी येणार?" अर्ज, मुलाखत, नियम यांची उत्तरे तत्परतेने देणारा तो मुलगा या प्रश्नावर थांबला. मग म्हणाला, "माहीत नाही रे."

तीस वर्षे आम्ही मुलांना जाण्यास शिकविले. शिका, गाव सोडा, देश सोडा, जेथे ज्ञान असेल तेथे जा. ते आजही सांगू, कारण दार अरुंद झाले म्हणून आपल्या मुलांनी उंबऱ्याशी बसावे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नाही. परंतु जाण्याबरोबर येण्याचा विचारही शिकविला पाहिजे. कोणता कागद राहण्याचा आणि कोणता प्रवेशाचा, कोणता अर्ज चालू असताना देश सोडता येत नाही, हे मुलाला जाण्यापूर्वी आणि त्याच्या घरच्यांनाही समजले पाहिजे. आणि जो येऊ शकणार नाही, त्याच्या घरी कोणी जायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थी संघास आमची एक विनंती आहे. परदेशी असलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीच्या आईवडिलांची एक वही करावी आणि प्रत्येक नावापुढे पुण्यातील एका माजी विद्यार्थ्याचे नाव लिहावे. दवाखाना असो, मयत असो, त्याने तेथे उभे राहावे. येरवड्याच्या त्या माउलीच्या नावापुढे आमचे नाव आजच लिहून घ्यावे. दर रविवारी आम्ही तिकडे जातो. शेजारचा मुलगा मोबाइल लावून देतो आणि त्या काचगृहातील रोपे आम्हांला दाखवितात.

जयभीम.