भानुमतीलाच का विचारायचं?

परभणी

चि. मनूस,

तुमचा गट ‘कुलवधू’ बसवतोय आणि जाहिरातीवर ‘प्रेम की करिअर?’ अशी ओळ छापायचं चाललंय, हे तुझ्या पत्रावरून कळलं. नाटक फार चांगलं निवडलंत. पण ती ओळ छापू नका, असं मला अगदी कळकळीनं वाटतं. त्या ओळीमुळे नाटकातला खरा झगडा झाकला जातो आणि प्रेक्षक खुर्चीत बसण्याआधीच चुकीचा प्रश्न मनात घेऊन येतो. मो. ग. रांगणेकरांनी 1942 साली ‘नाट्यनिकेतन’तर्फे हे नाटक रंगमंचावर आणलं. भानुमती नटी आहे. तिचं नाव होतं, लोक तिला ओळखू लागतात, आणि तिच्या नवऱ्याला तेच खुपू लागतं. शेवटी ती त्याचं घर सोडते आणि माहेरी न जाता सासू-सासऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहते. आता यात प्रेमाची बाजू कुठली, ते सांग. नवऱ्याच्या मनातला सल म्हणजे प्रेम नव्हे. बायकोच्या नावानं आपण ओळखले जातो याची ती बोच आहे. प्रेम असलंच तर ते भानुमतीकडे आहे, आणि तिचं काम त्या प्रेमाच्या आड कधी येत नाही. म्हणजे एका पारड्यात तिची कला आहे आणि दुसऱ्यात त्याचा अहंकार. त्या दुसऱ्या पारड्याला आपण सवयीनं ‘संसार’ म्हणतो, ‘प्रेम’ म्हणतो, आणि वजन करायला तिला एकटीलाच बसवतो.

हे माझं आजचं शहाणपण मी जुन्या नाटकावर लादतेय असं तुला वाटेल. म्हणून त्याच रंगमंचावरचा पुरावा देते. भानुमती झाल्या होत्या ज्योत्स्ना भोळे. मूळच्या गोव्याच्या. 1932 मध्ये केशवराव भोळ्यांशी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1933 ला, ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्या उभ्या राहिल्या. त्या नाटकाचं संगीत केशवरावांचंच. लग्नानंतर त्यांचं गाणं मिटलं नाही, उलट वाढलं, आणि त्यात नवऱ्याचाही हात होता. ‘कुलवधू’ आलं तेव्हा ज्योत्स्नाबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, लग्नाला दहा वर्षं झालेली. तेव्हा ‘काळच तसा होता’ हा आक्षेप मला पटत नाही. काळ तसा होताच, पण त्याच काळात त्याच पडद्यामागे दुसरी वाट चालून दाखवलेली बाई रंग लावून बसली होती. नाटकात जे अवघड म्हणून मांडलंय, ते ती रोज जगत होती. प्रेक्षक तिचं गाणं कानात साठवून घरी जात होते आणि ‘सून असावी तर अशी’ म्हणून भानुमतीचं कौतुकही करत होते. या दोन गोष्टी एकाच तिकिटात कशा मावल्या, याचा विचार तालमीत जरूर करा.

संगीत नाटकात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, हे गद्य नाटक बसवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गद्य नाटकातली नायिका डॉक्टर असली, तर तिचं काम आपण ऐकीव माहितीवर मान्य करतो. भानुमतीचं काम मात्र आपल्यासमोर घडतं, आपल्या कानांत पडतं. मास्टर कृष्णरावांनी बांधलेल्या चाली आजही मैफलीत लोक मागून घेतात. रांगणेकरांनी रात्र-रात्र चालणारी नाटकं आणि पदांची रेलचेल कमी केली, तीन-साडेतीन तासांत आटोपशीर खेळ आणला, म्हणून जी थोडी पदं उरली त्यांचं वजन वाढलं. संवाद तिला घराकडे ओढत असतील, पण पद सुरू झालं की प्रेक्षागृहातला एकही माणूस तिनं थांबावं असं म्हणत नाही. नाटककाराचा शेवट काहीही असो, त्याच्या नाटकातलं संगीत भानुमतीच्या बाजूनं साक्ष देतं.

इब्सेनच्या नोराशी भानुमतीचं नातं जोडलं जातं, ते योग्यच आहे. ‘डॉल्स हाउस’ 1879 चं, त्यात नोरा नवऱ्याचं घर सोडून जाते. पुढच्याच वर्षी जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या नटीनं, मुलांना टाकून जाणारी आई मी रंगवणार नाही, असं सांगितलं. मग इब्सेनला स्वतःच्या हातानं दुसरा शेवट लिहावा लागला, ज्यात नोरा घरातच राहते. त्याला तो आयुष्यभर खुपला. आपल्याकडे अनंत काणेकरांनी 1941 मध्ये ‘घरकुल’ या नावानं ते नाटक मराठीत आणलं, आणि वर्षभरात भानुमती आली. रांगणेकरांनी कच खाल्ली, नोराला सासरी धाडून प्रेक्षकांना खूश केलं, असा आरोप होतो. तो मला अर्धाच खरा वाटतो. नवऱ्याला नाकारून त्याच्या आई-वडिलांशी असलेलं नातं स्वतःच्या हिमतीवर राखणं ही लेचीपेची गोष्ट नाही. नवरा नसला तर सासर कशाचं, हा आपल्या समाजाचा हिशोब तिनं उलटा केला. माझी तक्रार वेगळी आहे. एवढी मोठी उडी तिनं घ्यायची आणि त्यानं जागचं हलायचंही नाही, हे मला खटकतं.

पुरुषाला हा प्रश्न पडतो तेव्हा त्याचं नावच बदलतं. खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ आठव. 1913 चं, बालगंधर्व देवयानी व्हायचे. मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला येतो, त्यांच्या मुलीच्या, देवयानीच्या, हट्टामुळे पुन्हा पुन्हा जिवंत होतो, आणि विद्या हाती आली की तिला नाकारून निघतो. मी शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर आल्यानं तू माझी बहीण झालीस, असं कारण तो देतो, ते मी नाकारत नाही. पण त्यानं घर मोडलं असं कुणी म्हणत नाही. त्याचं ते कर्तव्य ठरतं आणि शाप देणारी देवयानी तापट ठरते.

कुणी म्हणेल, मावशी, दिवसाचे तास चोवीसच, काहीतरी सोडावंच लागतं. लागतंच. बदली, दौरे, लहान मूल, म्हातारी माणसं, यांतलं काहीच खोटं नाही. पण मग तो दोघांमधला हिशोब झाला, एकीची परीक्षा नव्हे. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ सरकारी कचेरीत कारकुनी करत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले आणि 1953 मध्ये चाळिशीतच गेले. नोकरी की कविता, संसार की कविता, असं त्यांना विचारल्याचं मी तरी वाचलं नाही. आपण फक्त त्यांची ओढाताण पाहून हळहळतो. आणि बायकांचं म्हणशील तर गंगाखेडच्या जनाबाईपासून या मुलखात गाणं कामातूनच उगवलेलं आहे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात घालायचे, आणि घरघरीच्या लयीवर ओवी चालू. मात्र त्या गाण्याला मोल नव्हतं, नाव नव्हतं, म्हणून ते कुणाच्या डोळ्यात आलं नाही. भानुमतीच्या गाण्याला नाव आलं आणि पैसा आला, तिथून वाद सुरू झाला.

तेव्हा जाहिरातीवर नाटकाचं आणि रांगणेकरांचं नाव पुरे. एक मात्र करून पाहा. तालमीत भानुमतीचं पद सुरू झालं की नवऱ्याची भूमिका करणाऱ्या मुलाला चहाला जाऊ देऊ नका. संहितेत त्याचा प्रवेश असो वा नसो, त्याला समोर खुर्ची द्या आणि शेवटच्या आवर्तनापर्यंत तिथंच बसवा.

तुझी,
मावशी